ग्रँड ज्युरी, जलद खटल्याचा हक्क आणि विद्यापीठाचा खेळाडू

नाशिकच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा टेक्सासमधल्या एका विद्यापीठात जलतरणाच्या शिष्यवृत्तीवर शिकतो. ऑक्टोबरमध्ये एका घरगुती पार्टीत मारामारी झाली, एका विद्यार्थ्याला गंभीर दुखापत झाली आणि पोलिसांनी या मुलाला अटक करून जामिनावर सोडले. विद्यापीठाने दुसऱ्याच दिवशी त्याला संघातून निलंबित केले. मुलाचे म्हणणे असे की तो भांडण सोडवायला मध्ये पडला होता. आता दोन महिने होत आले, तरी वकील एवढेच सांगतात की प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे जाईल तोवर थांबा. वडील विचारतात : ‘मुलगा निर्दोष असेल, तर घटनेने दिलेला जलद खटल्याचा हक्क वकील ताबडतोब का मागत नाहीत? की त्यांना प्रकरण लांबवून फी वाढवायची आहे?’

फीबद्दल मी काही सांगू शकत नाही. मात्र त्या वकिलांच्या जागी मी असतो, तर या टप्प्यावर मीही बहुधा तेच केले असते. वीसहून अधिक वर्षे मी टेक्सासमध्ये आरोपींच्या बाजूने फौजदारी वकिली करतो आहे, आणि माझ्या पक्षकारांत विद्यापीठांचे खेळाडू बऱ्यापैकी आहेत. तुमच्या मुलाचे कागद मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे पुढचे सारे व्यवस्था समजावी म्हणून आहे, त्याच्या वकिलांच्या सल्ल्याऐवजी नाही.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने कुणावर ‘इंडाइटमेंट’ काढले की आपली वर्तमानपत्रे कधी कधी ‘ज्युरीने दोषी ठरवले’ असे छापून मोकळी होतात. ते साफ चूक आहे. दोषी की निर्दोष हे ठरवणारी बारा जणांची ज्युरी वेगळी, आणि ती खटला ऐकून अखेरीस निकाल देते. ग्रँड ज्युरी त्याच्या कितीतरी आधी, बंद खोलीत, फक्त एवढेच पाहते की खटला चालवण्याइतपत सकृद्दर्शनी आधार आहे का. आहे असे वाटले तर ‘ट्रू बिल’, नाही असे वाटले तर ‘नो बिल’. आपल्याकडे पोलीस तपास संपवून आरोपपत्र दाखल करतात. टेक्सासमध्ये गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत, म्हणजे ज्यांना तिथे फेलनी म्हणतात त्यांत, त्या आरोपपत्राच्या जागी ग्रँड ज्युरीचे इंडाइटमेंट येते.

ग्रँड ज्युरीचा हा हक्क अमेरिकेच्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीत १७९१पासून आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने १८८४मध्ये, हुर्टाडो विरुद्ध कॅलिफोर्निया या निकालात, तो राज्यांवर बंधनकारक नसल्याचे ठरवले आणि तो निकाल आजही कायम आहे. म्हणून एकाच प्रकारच्या आरोपासाठी वेगवेगळ्या राज्यांतल्या दोन खेळाडूंना वेगवेगळ्या दारांतून जावे लागते. कॅन्ससमध्ये साधारणपणे सरकारी वकील थेट तक्रार दाखल करतो आणि न्यायाधीशापुढे प्राथमिक सुनावणी होते, जिथे आरोपीच्या वकिलाला उलटतपासणी करता येते. फ्लोरिडात मृत्युदंडाचा गुन्हा सोडला तर ग्रँड ज्युरीची सक्ती नाही. टेक्सासमध्ये मात्र आरोपीने स्वतः हक्क सोडल्याशिवाय इंडाइटमेंटविना फेलनीचा खटलाच चालत नाही, आणि तो हक्क सोडला जातो तो बहुतेक वेळा तडजोडीचा करार आधीच ठरलेला असताना.

टेक्सासच्या ग्रँड ज्युरीत बारा नागरिक असतात आणि इंडाइटमेंटसाठी त्यांतल्या नऊ जणांचे मत लागते. फेडरल, म्हणजे केंद्रीय, ग्रँड ज्युरीत १६ ते २३ जण बसतात आणि बारा मते लागतात. खोलीत न्यायाधीश नसतो आणि आरोपीचा वकीलही नसतो. सरकारी वकील असतो, त्याने बोलावलेला साक्षीदार असतो, आणि बऱ्याचदा तो साक्षीदार म्हणजे अहवाल वाचून दाखवणारा तपास अधिकारी असतो. फेडरल व्यवस्थेत तर आरोपीच्या बाजूचा पुरावा माहीत असूनही तो ग्रँड ज्युरीपुढे ठेवण्याचे बंधन सरकारी वकिलावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२च्या विल्यम्स खटल्यात सांगून टाकले आहे.

हे किती महागात पडू शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस या मैदानी खेळाच्या संघाचे आहे. मार्च २००६मध्ये एका पार्टीनंतर बलात्काराची तक्रार झाली. १७ एप्रिलला दोन खेळाडूंवर इंडाइटमेंट निघाले आणि १५ मे रोजी तिसऱ्यावर, ज्याने आदल्याच दिवशी पदवी घेतली होती. पहिल्या दोघांपैकी एकाकडे त्या रात्रीचे टॅक्सीचालकाचे सांगणे, एटीएमवरचे छायाचित्र आणि वसतिगृहाच्या दारावर कार्ड लावल्याची नोंद होती. त्याच्या वकिलाने हे सारे सरकारी वकील माइक नायफाँग यांना दाखवायची तयारी दाखवली. त्यांनी ते पाहायला नकार दिला. त्या राज्यात ग्रँड ज्युरीच्या कामकाजाची शब्दशः नोंद ठेवली जात नाही, त्यामुळे आत काय सांगितले गेले हे नंतर तपासायलाही कागद नव्हता. विद्यापीठाने हंगाम रद्द केला, प्रशिक्षकाने राजीनामा दिला. अखेर ११ एप्रिल २००७ रोजी राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल रॉय कूपर यांनी सर्व आरोप मागे घेतले आणि तिघे निर्दोष असल्याचे जाहीर केले. नायफाँग यांची सनद गेली आणि न्यायालयाच्या अवमानासाठी त्यांना एक दिवस तुरुंगात काढावा लागला. तक्रार करणाऱ्या स्त्रीने आरोप खोटे असल्याची कबुली दिली ती डिसेंबर २०२४मध्ये.

एवढे सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग तर खटला लवकर मागायलाच हवा. इथेच गोम आहे.

जलद खटल्याचा हक्क सहाव्या दुरुस्तीत आहे आणि तो राज्यांना लागू झाला १९६७च्या क्लोप्फर विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना या निकालाने. योगायोग असा की हे क्लोप्फर ड्यूक विद्यापीठातच प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनात एका उपाहारगृहातून बाहेर पडायला नकार दिल्याबद्दल १९६४मध्ये त्यांच्यावर खटला झाला, ज्युरीचे एकमत झाले नाही, आणि सरकारी वकिलाने खटला संपवण्याऐवजी हवा तेव्हा पुन्हा उघडता येईल अशा अवस्थेत टांगून ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. मात्र त्याच राज्याने जलद खटल्याच्या ठरावीक मुदती घालणारा आपला कायदा १९८९मध्ये रद्द केला होता, त्यामुळे लॅक्रॉसच्या खेळाडूंच्या हाती दिवस मोजून दाखवावेत असा नियमच नव्हता.

टेक्सासची गतही तीच. तिथला जलद खटल्याचा कायदा राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने १९८७मध्ये घटनाबाह्य ठरवला. उरली ती १९७२च्या बार्कर विरुद्ध विंगो निकालातली चार अंगांची कसोटी : विलंब किती झाला, तो कुणामुळे झाला, आरोपीने हक्क मागितला का, आणि विलंबाने त्याचे काय नुकसान झाले. बार्कर यांचा खटला पाच वर्षांहून अधिक रखडला होता. तरीही त्यांना स्वतःलाच तो लवकर नको होता असे दिसल्यामुळे ते हरले. पुढे १९९२च्या डॉगेट निकालात न्यायालयाने नोंदवले की विलंब साधारण वर्षाच्या जवळ पोहोचला की मगच ही तपासणी सुरू करण्याजोगी होते. आता तुमच्या मुलाचा हंगाम बघा. जलतरणाच्या कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, स्पर्धा फेब्रुवारीत, राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा मार्चमध्ये. घटनेचे घड्याळ ज्या सुमाराला जागे होते, तोवर हंगाम संपून पुढच्या हंगामाचे संघ निवडले गेलेले असतात.

शिवाय हे घड्याळ केव्हा चालू होते हेही महत्त्वाचे आहे. मॅरियन खटल्यात १९७१मध्ये न्यायालयाने सांगितले की हा हक्क अटक किंवा औपचारिक आरोप, यांपैकी जे आधी होईल तेव्हापासून लागू होतो. म्हणजे ज्या खेळाडूला अटक झालेली नाही, पण ज्याच्याविरुद्ध तपास चालू असल्याची बातमी सगळीकडे पसरली आहे आणि ज्याला संघाने बाकावर बसवले आहे, त्याला सहाव्या दुरुस्तीचा काडीचाही आधार नाही. सर्वाधिक नुकसान बहुधा याच काळात होते. तुमच्या मुलाला निदान अटकेच्या दिवसापासून मोजता येईल.

टेक्सासच्या फौजदारी प्रक्रियेत दोन मुदती आहेत, त्या मात्र नीट समजून घ्या. फेलनीचा आरोपी कोठडीत असेल आणि ९० दिवसांत सरकार पक्ष खटल्याला तयार नसेल, तर त्याला वैयक्तिक हमीवर किंवा भरता येईल एवढ्या कमी केलेल्या जामिनावर सोडावे लागते. आपल्याकडच्या ६० आणि ९० दिवसांच्या आपोआप मिळणाऱ्या जामिनाशी याचे नाते चटकन ध्यानात येईल. तुमचा मुलगा आधीच बाहेर असल्याने त्याचा इथे उपयोग नाही. दुसरी मुदत इंडाइटमेंटची : जामिनानंतर १८० दिवस, किंवा न्यायालयाच्या पुढच्या सत्राचा शेवट, यांपैकी जे नंतर येईल तोवर इंडाइटमेंट झाले नाही आणि सरकार पक्षाने योग्य कारणही दाखवले नाही, तर प्रकरण काढून टाकून जामीन मोकळा करावा लागतो. पण त्याने पुढे इंडाइटमेंट काढायला बंदी होत नाही, हे अनेक पालकांना उशिरा कळते.

आता मूळ प्रश्नाकडे. इंडाइटमेंट झाल्याशिवाय खटला उभाच राहत नाही. मग आज ‘जलद खटला द्या’ असा अर्ज करणे म्हणजे व्यवहारात सरकारी वकिलाला ‘प्रकरण उद्याच ग्रँड ज्युरीपुढे न्या’ असे सांगणे. आणि ग्रँड ज्युरी हा टेक्सासमधला असा महत्त्वाचा टप्पा आहे, जिथे खटला न होताच प्रकरण संपू शकते. तिथे आपल्याला खोलीत शिरता येत नाही, पण कागद पाठवता येतात. वकिलांच्या बोलीत त्याला ‘पॅकेट’ म्हणतात : आरोपीच्या बाजूची पत्रे, नोंदी, साक्षीदारांची शपथपत्रे, छायाचित्रे, सोबत एक संयमित निवेदन. ते स्वीकारायचे की नाही हे सरकारी वकिलावर असते, तरी माझ्या अनुभवात बरीच कार्यालये ते ज्युरीपर्यंत पोहोचू देतात.

एका प्रकरणाचे सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आरोपी उंच बास्केटबॉलपटू होता आणि आरोपही मारामारीचाच. फिर्यादीने सांगितलेली वेळ रात्री साडेअकराची होती. मुलाला स्वतःला काही आठवत नव्हते, पण त्याच्या ओळखपत्राची नोंद मागवली तेव्हा भोजनगृहाच्या दारावर ११ वाजून २६ मिनिटांनी आणि वसतिगृहाच्या दारावर ११ वाजून ४१ मिनिटांनी कार्ड लावलेले निघाले, आणि पार्टीचे घर तिथून गाडीने वीस मिनिटांवर होते. ही नोंद मिळवायला आम्हाला पाच आठवडे लागले. वसतिगृहाच्या कॅमेऱ्याचे चित्रण मात्र आम्ही पत्र पाठवायच्या आधीच पुसले गेले होते, ती रुखरुख मला अजून आहे. ग्रँड ज्युरी बसली त्या सकाळी आम्ही दोघे बाहेरच्या लाकडी बाकावर होतो. तो मुलगा एवढा उंच की त्याचे गुडघे येणाऱ्या-जाणाऱ्यांना लागत होते आणि तो प्रत्येकाला ‘सॉरी, सर’ म्हणत होता. दुपारी नो बिल झाले. पाच आठवड्यांपूर्वी आम्ही घाईचा अर्ज केला असता तर त्या खोलीत केवळ पोलीस अहवाल गेला असता.

म्हणून जलद खटल्याची मागणी केव्हा करायची याचे माझे गणित साधे आहे : आपली तयारी सरकार पक्षापेक्षा पुढे असेल तेव्हा. ते कसे साधते हे कॅन्ससमधल्या एका खटल्यात दिसले. इलिनॉय विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू टेरेन्स शॅनन ज्युनियर याच्यावर डिसेंबर २०२३च्या अखेरीस आरोप दाखल झाला आणि विद्यापीठाने लगेच त्याला निलंबित केले. त्याच्या वकिलांनी दोन आघाड्या उघडल्या. विद्यापीठ सरकारी असल्याने घटनेतील रीतसर प्रक्रियेचा हक्क सांगून ते फेडरल न्यायालयात गेले, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी न्यायाधीशांनी निलंबनाला अंतरिम मनाई दिली. त्याचे सहा सामने तेवढे हुकले. दुसरीकडे फौजदारी खटला जूनमध्ये उभा राहिला आणि १३ जूनला ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. तेरा दिवसांनी एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवडीत मिनेसोटाच्या संघाने त्याला सत्ताविसाव्या क्रमांकावर घेतले. याउलट टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाचा फुटबॉलपटू शॉन ओकमन याला एप्रिल २०१६मध्ये, एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या निवडीच्या जेमतेम दोन आठवडे आधी अटक झाली. जुलैमध्ये ग्रँड ज्युरीने इंडाइटमेंट काढले आणि निर्दोष मुक्तता झाली ती फेब्रुवारी २०१९मध्ये. निवडीत त्याला कुणीच घेतले नाही.

शॅननचा मार्ग तुमच्या मुलाला खुला आहे का, हे विद्यापीठ सरकारी आहे की खासगी यावर बरेच अवलंबून आहे. खासगी विद्यापीठाविरुद्ध घटनेचा आधार मिळत नाही. तिथे विद्यार्थी पुस्तिका आणि शिष्यवृत्तीचा करार यांतल्या शब्दांवरच भांडावे लागते. निलंबनाच्या पत्रात कोणत्या नियमाखाली कारवाई झाली आणि अपिलाची मुदत किती, हे आधी वाचा. ती मुदत कित्येकदा दिवसांत मोजण्याइतकी लहान असते आणि ग्रँड ज्युरीची वाट पाहत बसलेल्या घरात ती निसटून जाते. विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या डिव्हिजन वन या सर्वोच्च स्तराच्या नियमानुसार पहिल्या पूर्णवेळ प्रवेशापासून पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे असतात, आणि फौजदारी खटला चालू आहे म्हणून ती पाच वर्षे आपोआप थांबत नाहीत. ड्यूकच्या संघाला एनसीएएने वर्ष वाढवून दिले, पण ते उरलेला हंगाम रद्द झाल्याच्या अपवादात्मक परिस्थितीत आणि आरोप मागे घेतल्यानंतर.

विद्यापीठाची शिस्तपालन चौकशी फौजदारी खटल्यासाठी थांबतेच असे नाही. तिथे मुलाने मन मोकळे करून दिलेला जबाब सरकारी वकील मागवून घेऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय त्याने तिथे, प्रशिक्षकाकडे किंवा संघातल्या मित्रांकडे त्या रात्रीविषयी काही बोलू नये. आणि हे जरा कटू वाटेल, पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नको. ‘नेमके काय झाले ते आईला सविस्तर लिही’ असा निरोप आपल्या घरांत हमखास जातो. वकील आणि पक्षकार यांच्यातले बोलणे जसे कायद्याने गोपनीय असते तसे आईवडील आणि मुलातले नसते. जे आधीच लिहिले असेल ते पुसायला मात्र सांगू नका. चालू तपासात पुरावा नष्ट करणे हा टेक्सासमध्ये स्वतंत्र फेलनी आहे, आणि मूळ आरोपातून सुटलेली माणसे त्यात अडकलेली मी पाहिली आहेत.

राहिला व्हिसा, जो अमेरिकन खेळाडूच्या वकिलाच्या डोक्यात सहसा नसतो. निलंबन केवळ संघातून असेल आणि वर्ग चालू असतील तर विद्यार्थी व्हिसाची पूर्णवेळ शिक्षणाची अट टिकते. वर्गातूनही काढले तर प्रश्न गंभीर होतो, तेव्हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी वकिलामार्फत आजच संपर्क ठेवा. दोष सिद्ध झाला नसला तरी अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो, म्हणून हिवाळी सुट्टीत त्याला नाशिकला बोलावण्याआधी विचारा, कारण परत जाताना अडचण तिथेच येईल. आणि घाईतला सर्वांत मोठा खड्डा हा आहे : हंगाम वाचवायचा म्हणून सरकारी वकील ‘डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’ देऊ करतो. गुन्हा कबूल करा किंवा आव्हान देऊ नका, काही काळ अटी पाळा, मग दोषसिद्धीची नोंद नाही. टेक्सासच्या कायद्यात ते खरे आहे. फेडरल इमिग्रेशन कायदा मात्र अशी कबुली आणि अटी मिळून दोषसिद्धीच धरतो. पदिया विरुद्ध केंटकी या २०१०च्या निकालानुसार कबुलीमुळे देशाबाहेर घालवले जाण्याचा धोका पक्षकाराला सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे. तरीही तुम्ही स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाचे लेखी मत घ्या आणि ते हाती येईपर्यंत मुलाला कशावरही सही करू देऊ नका.

तेव्हा वकिलांना पुढच्या फोनवर ‘खटला लवकर का मागत नाही’ असे विचारू नका. कॅमेऱ्यांचे चित्रण आणि कार्डांच्या नोंदी राखून ठेवण्याची पत्रे कोणत्या तारखेला गेली, पार्टीतले जे साक्षीदार मे महिन्यात पदवी घेऊन शहर सोडतील त्यांची शपथपत्रे कधी होणार, आणि पॅकेट सरकारी वकिलाच्या कार्यालयात केव्हा पोहोचेल, हे विचारा. उत्तरे तारखांसह आली तर थांबणे योग्य आहे. इंडाइटमेंट झालेच, तर मात्र त्या आठवड्यात जलद खटल्याचा लेखी अर्ज दाखल करायला सांगा, आणि त्यात खटला रद्द करा असे न म्हणता खटला चालवा असे म्हणायला सांगा. टेक्सासची न्यायालये या फरकाकडे बारकाईने पाहतात. आणि नो बिल झाले तर पेढे वाटण्याआधी अटकेची नोंद पुसण्याचा वेगळा अर्ज कधी करता येईल ते विचारा, कारण ती आपोआप पुसली जात नाही. ती पुसली गेली तरी अमेरिकन व्हिसाच्या अर्जातला ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न कायम राहतो. त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते, म्हणून नो बिलच्या कागदाची प्रमाणित प्रत नोंद पुसण्याआधीच काढून घरी ठेवा.